कक्षसंगीत व तत्कालीन वाद्ये

पाश्चात्त्य अभिजात संगीतात मोजक्या वादकांनी, प्रत्येक स्वरपंक्तीस एकच वादक या प्रमाणात, वृंदसंचालकावाचून सादर करावयाच्या वाद्यरचनांना ‘कक्षसंगीत’ अथवा ‘चेंबर म्यूझिक’ अशी संज्ञा आहे. अशा रचना ज्या काळात निर्माण झाल्या, त्या काळच्या घडणीच्या मूळ वाद्यांवर किंवा त्यांच्या प्रतिकृतींवर त्या वाजविण्याची प्रथा विसाव्या शतकात रूढ झाली. या वाद्यांना ‘तत्कालीन वाद्ये’ असे म्हणता येईल. अशा वादनास तीन गोष्टींची गरज असते : लिहिलेली स्वरलिपी, त्या काळचे वाद्य आणि ते वाद्य हाताळण्याची शिकवणुकीतून आलेली सवय. पश्चिम भारतात आणि तंजावरच्या मराठी राज्यात या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या काळी येऊन पोहोचल्या. तथापि त्या एकत्र फार काळ टिकल्या नाहीत. त्यांच्या या फारकतीचा इतिहास हा भारतातील पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा भाग आहे.

स्वरूप व विकास : सतराव्या शतकात इटलीमध्ये संगीताचे चर्चमधील, रंगभूमीवरील व कक्षातील असे स्थलपरत्वे तीन प्रकार मानीत. कक्ष म्हणजे सरदार किंवा श्रीमंत रसिक यांच्या वाड्यातील दालन. श्रोते थोडे, अंतर कमी आणि वादक व श्रोते यांच्यात परिचय, ही या संगीताची मूळ परिस्थिती. या दृष्टीने महाराष्ट्रातील खाजगी बैठकीशी त्याचे साम्य दिसते. फरक इतकाच, की बैठकीत एक कलावंत प्रमुख असून इतर त्यास साथ देतात व गायनवादन बव्हंशी उत्स्फूर्त असते. उलट कक्षसंगीतात सर्व स्वरपंक्ती आधी लिहिलेल्या असतात व त्यांचे परस्परांशी संभाषण चालते.

या प्रकारास प्रगल्भ रूप आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. योझेफ हायडन (१७३२–१८०९) याने दोन व्हायोलिने, एक व्हिओला व एक चेलो यांच्या चतुष्टयास मान्यता मिळवून दिली. त्याच्या १७८१ मधील सहा चतुष्टयांत चारही वाद्यांना जवळजवळ समान कामगिरी मिळाली. मोझार्टने (१७५६–९१) आपली सहा चतुष्टये हायडनला अर्पण करून १७८५ मध्ये प्रसिद्ध केली. बेथोव्हनची (१७७०–१८२७) पहिली सहा चतुष्टये १८०१ मध्ये छापली गेली. या रचना प्रथम वाजल्या त्या घरगुती वातावरणात. हायडन, डिटर्सडॉर्फ, मोझार्ट व व्हानहल या चौघा रचनाकारांनी १७८४ च्या सुमारास व्हिएन्ना येथे एकत्र बसून चतुष्टय वाजविल्याचे त्या मैफलीस उपस्थित असलेल्या मायकेल केली या गायकाने आपल्या आठवणींत नमूद केले आहे.

वाद्यांची घडण : अठराव्या शतकातील व्हायोलिन बाह्यतः आजच्यासारखेच दिसते; तथापि त्याची अंतर्गत रचना भिन्न होती. त्याची दांडी आखूड व कमी कललेली, घोडी बुटकी आणि तबलीच्या आतील आधारपट्टी हलकी असे. तारा धातूच्या नसून जनावरांच्या आतड्यांपासून केलेल्या ताती असत. सारंगीला लावतात त्या ताती याच जातीच्या. एकोणिसाव्या शतकात मोठी सभागृहे बांधली गेली, तिकीट काढून येणाऱ्या श्रोत्यांची संख्या वाढली आणि अधिक मोठ्या, तेजस्वी नादाची गरज भासू लागली. त्यामुळे स्त्रादिव्हारी (१६४४–१७३७) याच्यासारख्या कारागिरांची जुनी वाद्येही उघडून त्यांच्या दांड्या व आधारपट्ट्या बदलण्यात आल्या. आज सभागृहांतून ऐकू येणारे त्यांचे आवाज त्यामुळे मूळ कारागिराने योजिलेले आवाज नव्हेत.

गजाचे रूप फ्रांस्वा तूर्त याने १७८५ च्या सुमारास स्थिर केले. त्याआधीचे गज हलके व बाहेरच्या बाजूस किंचित वाकलेले असून त्यांच्या टोकाशी आवाज आपोआप क्षीण होई. हनुवटी टेकण्याचा आधार श्पोर या वादकाने १८२० च्या सुमारास प्रचारात आणला. चेलोवादक आपले वाद्य जमिनीवर न टेकविता पोटऱ्यांमध्ये धरून बसत. प्रत्येक स्वर सतत कंपित करण्याची आजची रीतही तेव्हा सर्वमान्य नव्हती. मोझार्टचे वडील लेओपोल्ट यांनी १७५६ च्या आपल्या व्हायोलिनविषयक ग्रंथात सदैव कंप देणाऱ्या वादकांना दोष दिला आहे.

पियानोत झालेला बदल याहून मोठा होता. मोझार्टने आंटोन व्हाल्टर याच्याकडून घेतलेल्या पियानोचा सांगाडा लाकडी, हातोड्या चामड्याने मढविलेल्या आणि पल्ला सुमारे पाच सप्तकांचा होता. त्याचा स्वर लवकर विरे, परंतु प्रत्येक स्वर सुटा व स्पष्ट ऐकू येई. आधुनिक पियानोत ओतीव लोखंडी चौकट असून तीवर तारांचा एकूण ताण सुमारे १८ ते २० टन पडतो. असा पियानो तातींच्या व्हायोलिनाबरोबर वाजला, की त्याचा आवाज इतरांना झाकून टाकतो आणि वादकास सतत हात आवरावा लागतो. जुना पियानो घेतला असता ही अडचण उरत नाही. मूळ रचनाकाराने केलेली आवाजांची वाटणी तेव्हाच योग्य प्रमाणात प्रत्ययास येते.

स्वरमेळ हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. मध्य सप्तकातील ‘ए’ या स्वरासाठी दर सेकंदास ४४० कंपने हे प्रमाण १९३९ मध्ये लंडन येथील परिषदेत सुचविले गेले. अभिजात काळातील रचनांसाठी तत्कालीन वाद्यांचे वादक सामान्यतः ४३० व त्यापूर्वीच्या रचनांसाठी ४१५ कंपने घेतात. सप्तकाचे बारा समान भाग करण्याची पद्धतही तेव्हा सार्वत्रिक नव्हती. समान भागांच्या पट्ट्यांवर शुद्ध स्वर मिळत नाहीत, ही तक्रार महाराष्ट्रात अपरिचित नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि त्यांचे सहकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात श्रुतींच्या हार्मोनियमचा पुरस्कार केला, तो याच कारणाने.

पुनरुज्जीवनाची चळवळ : या वाद्यांकडे पुन्हा लक्ष वेधण्याचे श्रेय मुख्यतः आर्नल्ड डॉलमेच (१८५८–१९४०) याच्याकडे जाते. त्याने जुनी वाद्ये दुरुस्त केली, नवी घडविली, सतराव्या व अठराव्या शतकांतील संगीताच्या सादरीकरणावर १९१५ मध्ये ग्रंथ लिहिला आणि १९२५ पासून इंग्लंडमधील हेझलमिअर येथे वार्षिक महोत्सव भरविला. दुसऱ्या महायुद्धानंतर निकोलाउस हार्नोनकुर्ट (१९२९–२०१६) याने १९५३ मध्ये व्हिएन्ना येथे आणि क्रिस्टोफर हॉगवुड (१९४१–२०१४) याने १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये वादकसंघ स्थापन केले. ध्वनिमुद्रिकांमुळे ही पद्धती जगभर पोहोचली. प्रारंभी बारोक संगीतापुरती मर्यादित असलेली ही चळवळ पुढे हायडन, मोझार्ट व बेथोव्हन यांच्या चतुष्टयांपर्यंत आली.

तिला आक्षेपही घेतले गेले. अमेरिकन संगीतेतिहासकार रिचर्ड तारुस्किन (१९४५–२०२२) याने असे प्रतिपादिले, की अस्सलपणाच्या नावाखाली सादर होणारे हे वादन वस्तुतः विसाव्या शतकाच्या अभिरुचीचेच अपत्य आहे. जुने वाद्य हाती घेतले म्हणून जुना कान परत येत नाही. हा आक्षेप बराचसा ग्राह्य आहे. तरीही वाद्य बदलले की रचनेचा तोल बदलतो, हे चळवळीचे मूळ म्हणणे त्यामुळे खोटे ठरत नाही. मराठी वाचकास याची कल्पना संगीत नाटकावरून येऊ शकेल. बालगंधर्वांच्या नाट्यपदांना ऑर्गन व सारंगी यांची साथ असे. तीच पदे आज विजेवर चालणाऱ्या वाद्यांच्या साथीने म्हटली, तर चाल व शब्द कायम राहूनही पदाचे स्वरूप पालटते.

गोवा व वसई : पश्चिम भारतात युरोपीय वाद्ये व स्वरलेखन प्रथम आले ते पोर्तुगीज सत्तेबरोबर. १५१० मध्ये गोवा व १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली. वसईच्या खाडीचा दक्षिण किनारा, म्हणजे आजच्या भाईंदर, घोडबंदर व उत्तन या गावांचा प्रदेश, साष्टीच्या मुलखाबरोबर त्यांच्याच अमलाखाली आला. फ्रान्सिस्कन व जेझुइट धर्मप्रसारकांनी चर्चबरोबर शाळाही काढल्या. बोरिवलीजवळील मंडपेश्वर लेण्यांचे चर्चमध्ये रूपांतर करून तेथे विद्यालय स्थापन करणारा आंतोनिओ दो पोर्तो हा त्यांपैकी एक होय. गोव्यातील ग्रामचर्चच्या शाळांत वाचनलेखनाबरोबर स्वरवाचन व गायन शिकविले जाई. पुढे व्हायोलिनही आले. १६६३ मध्ये गोव्यात आलेल्या सेबास्तियानी या इटालियन कार्मेलाइट धर्मगुरूने तेथील सात वृंदांचे गायन ऐकून त्याची तुलना रोममधील विख्यात रचनाकार कारिस्सीमी याच्या संगीताशी केली आहे. स्थानिक गायकवादकांनी मिळविलेल्या प्रावीण्याची ही साक्ष मानता येईल.

वसईत ही परंपरा खंडित झाली. चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी मे १७३९ मध्ये वसई जिंकली. पोर्तुगीज शिबंदी व युरोपीय धर्मगुरू निघून गेले. स्थानिक ख्रिस्ती समाज व त्याचे देशी धर्मगुरू मागे राहिले, पण ज्या संस्थांतून संगीताचे शिक्षण होत होते, त्या मोडल्या. चर्चमधील घंटा मराठी सरदारांनी विजयचिन्ह म्हणून नेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील प्रसिद्ध घंटा त्यांपैकी मानली जाते. तीवर १७२१ हे साल आहे. वसईच्या पोर्तुगीज काळातील जी नादवस्तू आजही वापरात आहे, ती अशा रीतीने हिंदू मंदिरात टिकली. वाद्य टिकले, परंतु त्याचा मूळ संगीताशी असलेला संबंध संपला.

गोव्यात उलट घडले. तेथे सत्तेत खंड न पडल्यामुळे ग्रामचर्चमधील शिकवणूक चालू राहिली. एकोणिसाव्या शतकात घराघरांतून व्हायोलिन वाजू लागले. मांडो या गीतनृत्यप्रकारात व्हायोलिन व घुमट यांची जोड बसली. स्वरलिपी वाचता येणाऱ्या गोमंतकीयांना ब्रिटिश हिंदुस्थानातील लष्करी बँड, संस्थानिकांचे वाद्यवृंद, मूकपटांची चित्रपटगृहे व हॉटेले येथे नोकऱ्या मिळाल्या. पणजी येथे आंतोनिओ द फिगेरेदो यांनी १९५२ मध्ये संगीत अकादमी स्थापन केली. तिचे कार्य पुढे कला अकादमीने चालविले. गोव्यात शिकलेला हात टिकला. वाद्ये मात्र काळाबरोबर बदलत गेली.

तंजावर : कक्षसंगीताच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय प्रकरण तंजावरचे आहे. व्यंकोजी भोसले यांनी स्थापिलेल्या या राज्याचे राजे दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) यांचे शिक्षण क्रिस्टियन फ्रीड्रिख श्वार्ट्स या जर्मन धर्मप्रसारकाच्या देखरेखीखाली झाले. ते १७९८ मध्ये गादीवर आले. पुढील वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला व त्यांच्याकडे तंजावरचा किल्ला आणि तनखा एवढेच उरले. राजकीय सत्ता गमावलेल्या या मराठी राजाने आपली बुद्धी ग्रंथसंग्रह, वैद्यक व संगीत यांकडे वळविली. त्यांच्या दरबारात युरोपीय वाद्यांचा बँड होता. त्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रे व संस्कृत पोथ्या यांच्याबरोबरच अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्याच्या आरंभी युरोपात छापलेल्या, तसेच हाताने उतरून घेतलेल्या पाश्चात्त्य स्वरलिपींचाही संग्रह आहे.

सरफोजी हे बेथोव्हनहून सात वर्षांनी लहान होते. बेथोव्हनची पहिली चतुष्टये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांना गादीवर येऊन तीन वर्षे झाली होती. त्यामुळे त्यांच्या दरबारात आलेली युरोपीय वाद्ये आजच्या अर्थाने ‘तत्कालीन’ होती. ती जपून ठेवलेली वा पुन्हा घडविलेली नव्हती, तर आपल्याच काळची होती. स्वरलिपी, वाद्य व वादक हे तिन्ही घटक या मराठी दरबारात काही वर्षे एकत्र आले.

पुढे त्यांचे मार्ग वेगळे झाले. १८५५ मध्ये वारसाअभावी तंजावरचे राजेपद संपुष्टात आले आणि दरबारी वादकांचा आश्रय गेला. स्वरलिपी ग्रंथालयात राहिल्या. व्हायोलिन मात्र कर्नाटक संगीतात गेले. मुत्तुस्वामी दीक्षितरांचे बंधू बालुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५८), सरफोजींच्या दरबारातील वरहाप्पय्या आणि तंजावरच्या चार नट्टुवनार बंधूंपैकी वडिवेलु यांची नावे या संदर्भात घेतली जातात. दक्षिणेतील वादक मांडी घालून बसतो, व्हायोलिनाचे टोक पायाच्या घोट्यावर टेकवितो आणि तारा षड्ज-पंचमांत जुळवितो. हे वादन मूळ युरोपीय रीतीपासून दूर गेले, परंतु वाद्याला त्यामुळे अखंड गुरुपरंपरा लाभली. कागदावरच्या संगीताला ती लाभली नाही.

मुंबई : विसाव्या शतकात मुंबई हे या संगीताचे केंद्र बनले. गोमंतकीय वादक, पारशी रसिक आणि युरोपातून आलेले निर्वासित कलावंत यांच्या सहकार्याने हे घडले. कार्लस्बाट येथे जन्मलेले व बर्लिनमध्ये शिकलेले वॉल्टर काउफमान (१९०७–८४) हे १९३४ मध्ये मुंबईस आले व त्यांनी बॉम्बे चेंबर म्यूझिक सोसायटी स्थापन केली. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी तिच्या मैफली होत. व्हायोलिनवादक मेहली मेहता (१९०८–२००२) व इटालियन चेलोवादक एदिजिओ व्हेर्गा हे त्यांचे सहवादक होते. मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा व १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट स्थापन केले. काउफमान १९३७ ते १९४६ या काळात आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. आकाशवाणीची परिचयधून सामान्यतः त्यांची मानली जाते.

काउफमान यांचे एक गुरू कुर्ट झाक्स हे वाद्यशास्त्राचे थोर अभ्यासक होते. होर्नबोस्टेल यांच्यासह त्यांनी १९१४ मध्ये मांडलेले वाद्यांचे वर्गीकरण ब्रुसेल्सच्या माहिलाँ याच्या वर्गीकरणावर आधारलेले होते आणि माहिलाँच्या चार वर्गांचे भरतप्रणीत तत, सुषिर, अवनद्ध व घन या विभागणीशी निकटचे साम्य आहे. जुन्या वाद्यांच्या आधुनिक अभ्यासात भारतीय विचाराचा वाटा असा आहे. तथापि मुंबईतील त्या काळच्या मैफली आधुनिक वाद्यांवरच होत. तत्कालीन वाद्यांची चळवळ तेव्हा युरोपातही बाल्यावस्थेत होती.

काउफमान १९४६ मध्ये आणि मेहता १९५० नंतरच्या दशकात परदेशी गेले. गोमंतकीय वादकांना हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात काम मिळू लागले. तेथे ध्वनिग्राहकासमोर वाजवावयाचे असे आणि वेळ मोजका असे. माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्व्हिस (१९२७–२०१२) यांच्यासारख्या वादकांनी या व्यवसायात राहून पाश्चात्त्य व भारतीय संगीताच्या मीलनाचे स्वतंत्र प्रयोगही केले. व्यवसायामुळे वादकांची उपजीविका चालली, पण चौघांनी एकत्र बसून चतुष्टय वाजविण्याची घरगुती सवय क्षीण झाली. पुढे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राने, म्हणजे एनसीपीएने, पाश्चात्त्य संगीतास स्थायी व्यासपीठ दिले. त्याचे टाटा थिएटर १९८० मध्ये खुले झाले. भारतीय संगीताचे सूक्ष्म स्वर ध्वनिवर्धकावाचून ऐकू यावेत, ही दृष्टी त्याच्या रचनेमागे होती. तातींच्या व्हायोलिनास व लाकडी पियानोसही अशीच वास्तू अनुकूल असते. २००६ मध्ये त्याच संस्थेने सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वाद्यवृंद स्थापन केला. गोव्यात जुन्या गोव्याच्या टेकडीवरील मोंत चॅपेलमध्ये भरणाऱ्या महोत्सवाने या संगीतास पुन्हा लहान, दगडी वास्तूतील नाद मिळवून दिला.

हवामानाचा प्रश्न : किनारपट्टीच्या दमट हवेत तत्कालीन वाद्ये राखणे कठीण असते. ताती ओलावा शोषून फुगतात व त्यांचा स्वर ढळतो. सांधे जोडणारा सरस मऊ पडतो. लाकडी सांगाड्याचा पियानो पावसाळ्यात जुळलेला राहत नाही. अठराव्या शतकातील युरोपीय वाद्ये या देशात फारशी शिल्लक नाहीत, याचे हे एक प्रमुख कारण होय. सारंगीवादक आणि मिरजेचे तंतुवाद्यकार या अडचणींशी पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहेत. ताती, सरस, लाकूड व हवा यांविषयीचे त्यांचे व्यवहारज्ञान अशा वाद्यांच्या जतनासाठी उपयुक्त ठरू शकेल.

समालोचन : वसईत संस्था मोडल्या व घंटा राहिल्या, तंजावरात कागद राहिले व वादक पांगले, गोव्यात हात राहिला व वाद्ये बदलली, मुंबईत वादक व सभागृह दोन्ही आहेत, परंतु जुन्या वाद्यांच्या शिक्षणाची परंपरा नाही. या चार उदाहरणांवरून असे दिसते, की संगीताचा एखादा घटक सुटा जतन केल्याने संगीत जतन होत नाही. वाद्य वस्तुसंग्रहालयात व स्वरलिपी ग्रंथालयात ठेवता येते. वाजविण्याची सवय मात्र केवळ गुरूकडून शिष्याकडे जाते आणि एका पिढीचा खंड पडला, तरी ती नष्ट होते. युरोपातही ती नष्ट झाली होती. डॉलमेच व त्याच्या अनुयायांना ती जुने ग्रंथ वाचून आणि प्रत्यक्ष वाद्ये हाताळून नव्याने घडवावी लागली, आणि ती मूळ सवयीशी कितपत जुळते हा वाद अद्याप मिटलेला नाही.

सरस्वती महालातील स्वरलिपींना या दृष्टीने विशेष महत्त्व आहे. एका मराठी राजाने आपल्या काळी वाजविण्यासाठी मागविलेले हे संगीत आहे. ते त्या काळच्या घडणीच्या वाद्यांवर पुन्हा वाजणे म्हणजे परकीय परंपरेचे अनुकरण नसून, खंडित झालेल्या एका देशी परंपरेचा धागा पुन्हा जोडणे होय. त्यासाठी लागणारे लेखन तंजावरात, वाद्यांची देखभाल जाणणारे कारागीर मिरजेत आणि शिकलेले वादक गोव्यात व मुंबईत आहेत.